वाढत्या अंगाचा टूटू

माझ्यासाठी आईने शिवलेलं पहिलं झबलं मी वर्षाची झाल्यावर मला नीट बसलं, असं ती आजही अभिमानाने सांगते. आमच्या घरात कपडा शिवायचा तो वाढत्या अंगाचा. आईने आयुष्यभर घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवले, आणि तिच्याकडे कापड घेऊन येणारी प्रत्येक बाई माप देता देता बजावायची, "वाढत्या अंगाचं शिवा हं." इतरांच्या मुली निदान कधीतरी वाढायच्या थांबायच्या. मी पडले घरची, त्यामुळे माझ्या वाढीवर आईचा विश्वास अमर्याद होता.

शाळेच्या स्कर्टचं तर विचारूच नका. दर जूनला आई खालची दुमड उसवायची, स्कर्ट दोन बोटं खाली उतरायचा आणि जुन्या दुमडीच्या जागी गडद निळी रेघ उरायची. त्या रेघा मोजून कोणीही माझी इयत्ता सांगितली असती. लग्नातल्या ब्लाउजलाही तिने आत चार बोटं मार्जिन ठेवलं होतं, आणि का म्हणून विचारल्यावर होणाऱ्या सासूबाईंच्या देखत सांगितलं, "बाळंतपणानंतर लागते." तेव्हा साखरपुडासुद्धा झाला नव्हता.

पुढे सरकारी नोकरी लागली, स्वतःच्या पैशाने कपडे घेऊ लागले, पण तोवर खोड जडली होती. दुकानात गेले की माझा हात आपोआप मोठ्या मापाकडे जायचा. साड्या नेसायचे, साडी सगळ्यांनाच बसते, तो तिचा चांगुलपणा. कुडते घेतले तर फ्री साइज. थोडक्यात, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या अंगाला त्या दिवशी, त्या घडीला बरोबर बसेल असा एकही कपडा मी घातला नव्हता. याचं मला दुःख आहे हेही मला माहीत नव्हतं. ते कळायला एक दाढ किडावी लागली.

दाढेसाठी मी सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे जायचे. दवाखान्यात शिरल्या शिरल्या पाटी होती: 'वर नाच चालू असल्यास पेशंटनी घाबरू नये. भूकंप नाही.' मी खुर्चीत तोंड उघडून पडले होते, तेवढ्यात वर धप्पकन आवाज झाला आणि ट्यूबलाइट हलली. तोंडात कापूस असल्याने मला फक्त डोळ्यांनी विचारता आलं. "बॅले आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ऐकायला वाईट वाटतं, बघायला त्याहून वाईट. सात वाजता मीही जाते."

अर्धा जबडा बधिर घेऊन मी तक्रार करायच्या उद्देशाने वर गेले. ती एका क्लासची खोली होती. सकाळी तिथे मुलांना पाढे शिकवत, त्यामुळे भिंतीवर एकोणतीसचा पाढा होता. नळाचा एक पाइप भिंतीला आडवा ठोकला होता आणि तो धरून चार बाया, त्यांत माझ्याआधी वर पोचलेल्या डॉक्टरही, गुडघे बाहेरच्या दिशेला वाकवत होत्या. शिकवणारी मुलगी सव्वीस-सत्तावीसची असेल. मला बघून ती म्हणाली, "काकू, चपला बाहेर. पाइपला पाचवी जागा आहे." मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी नाही म्हणू शकले नाही. मी बॅले शिकायला लागले ती अशी, भूल उतरायच्या आत.

आम्ही पाच जणी होतो. दाताच्या डॉक्टर, आयटीत काम करणारी एक तिशीची मुलगी, कर्वेनगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका, एक बालवाडीच्या बाई आणि मी. शिकवणाऱ्या मुलीला आम्ही मॅडम म्हणायचो आणि ती आम्हाला काकू, त्यामुळे मान दोन्हीकडून सांभाळला जायचा. मी धायरीहून आठवड्यातून तीनदा बसने यायचे. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "दाढेचा इलाज आहे का हा?"

मॅडमना पायांइतकंच वेड होतं ते टूटूचं. टूटू म्हणजे बॅलेतला तो जाळीचा घागरा. तासानंतर आम्ही एकोणतिसाच्या पाढ्याखाली पाय पसरून बसायचो आणि त्या सांगायच्या. पूर्वी म्हणे नर्तकी जमिनीवर लोळणारे जड झगे घालून नाचायच्या. पाय काय करताहेत ते प्रेक्षकांना दिसायचंच नाही. मग एकीने स्कर्ट घोट्याच्या वर कापला आणि आख्खं पॅरिस हादरलं. घोटा दिसला म्हणून! पुढे दोनेकशे वर्षांपूर्वी पांढऱ्या तलम कापडाचा, घंटेसारखा, पोटरीपर्यंतचा घागरा आला. तो घालून बाई चवड्यांच्या टोकावर उभी राहिली की हवेत तरंगते असं वाटायचं. रंगमंचावर तेव्हा गॅसचे दिवे, आणि हे घागरे भुर्रकन पेट घ्यायचे. कितीतरी मुली भाजल्या, काही मेल्या. आग लागू नये म्हणून कापडाला लावायचं औषध होतं, पण त्याने कापड कडक आणि पिवळट व्हायचं, म्हणून काही जणी ते लावूच द्यायच्या नाहीत. हे ऐकून प्राध्यापिका चिडल्या, त्यांनी त्या औषधात काय काय असेल ते सांगितलं. मला मात्र त्या मुली कळल्या. पिवळट कपड्यात जगायचं नव्हतं त्यांना.

नंतर गिरक्या अवघड होत गेल्या तसा घागरा वर सरकला. गुडघे दिसले पाहिजेत, मांड्या दिसल्या पाहिजेत. आधी गुडघ्यापर्यंत आला, मग अजून वर गेला आणि शेवटी कमरेपासून सरळ आडवा, थाळीसारखा. दहा-बारा थर जाळी, मध्ये तारेची कडी. खाली बघितलं तर नाचणारीला स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि बाकी सगळ्या जगाला दिसतात. टूटू हा शब्द पॅरिसच्या बोलीत म्हणे लाडाने ढुंगणाला म्हणायचे, त्यावरून पडला. हे मॅडमनी खालच्या आवाजात सांगितलं, तेही खालच्या मजल्यावर पेशंट नसताना.

आणि हा घागरा थिएटरात थोडाच राहतोय! प्रेक्षकांतल्या बायकांनी तो बघितला आणि आपल्याला हवा म्हणाल्या. महायुद्धात कापड मोजूनमापून मिळायचं. ते संपल्यावर बड्या शिंप्यांनी चिमटीत मावेल अशी कंबर आणि खाली वारच्या वार कापड असे घोळदार झगे काढले, पार्टीच्या पोशाखांत जाळीवर जाळी घातली. तीच जाळी फिरत फिरत लक्ष्मी रोडवरच्या वाढदिवसाच्या फ्रॉकात आली, ज्याने प्रत्येक मुलीच्या मांड्यांना खाज सुटलेली आहे. तीच आज नवरीच्या घागऱ्याखाली कॅनकॅन म्हणून असते. पहिल्या वाढदिवसाला रांगतं बाळसुद्धा टूटूत बसवून फोटो काढतात. आमची आयटीतली मुलगी म्हणाली, तिच्याकडे जाळीचा स्कर्ट आहे, ती तो बूट आणि जीन्सचं जॅकेट घालून शनिवारी फिरते. सगळ्याचा उगम कुठे, तर एकीने कात्री घेऊन स्वतःचे पाय मोकळे केले तिथे. मी त्या संध्याकाळी बसस्टॉपवर एकटीच हसत होते.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम ठरला तेव्हा मॅडमना कल्पना सुचली: मोठ्या बायांनी टूटूचा इतिहासच नाचून दाखवायचा. पाच बाया, पाच घागरे. जमिनीवर लोळणारा झगा, पांढरी घंटा, गुडघ्यापर्यंतचा, थाळी आणि शेवटी आजच्या रस्त्यावरचा जाळीचा स्कर्ट. प्रत्येकीला एक मिनिट. कोणी काय घालायचं यासाठी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. मी चिठ्ठी उघडली आणि त्यावर लिहिलं होतं: थाळी.

डॉक्टर म्हणाल्या, "अरे बापरे." मॅडमनी फार गोड आवाजात विचारलं, "काकू, बदलून घेऊ या का? त्याचं कसं आहे, तो कमरेला कातडीसारखा बसावा लागतो. एक बोटसुद्धा सैल चालत नाही. बाकीचे कसेही चालतात."

कातडीसारखा. एक बोटसुद्धा सैल नाही. मला कळलं की मला हे हवं आहे. इतकं हवं आहे की कोणी ती चिठ्ठी घ्यायला आलं असतं तर मी चावले असते, नव्याने भरलेल्या दाढेने. "नाही," मी म्हणाले. "माझी आई शिवते."

हे मी खोटं बोलले नव्हते, पण घाईत बोलले. आधी आम्ही पेठेतल्या एका ड्रेपरीवाल्याकडे गेलो, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडे. त्याने मान वर न करता विचारलं, "नातीचं वय?"

"नातीसाठी नाही. मला."

त्याने मान वर केली, मला नीट बघितलं आणि पुन्हा खाली घातली. "मग नाही."

बाकीच्यांचे घागरे नवरीच्या जुन्या घागऱ्यांखालच्या जाळीतून आणि पांढऱ्या पडद्यांतून उभे राहिले. डॉक्टरांना एकच शंका होती, की पाचही जणी पांढऱ्याफेक म्हणजे जरा अशुभ दिसेल का. "आमच्याकडे लग्नात पांढरं नेसतात," मी म्हणाले. "मी नेसले होते. एकतीस वर्षं झाली, नवरा अजून आहे." आमचं बौद्ध घराणं, विहारात जायचं तर पांढरं, लग्नात पांढरं, आणि पांढरं कापड हाताळावं तर माझ्या आईनेच. मशीनखाली धुतलेली चादर अंथरल्याशिवाय ती पांढऱ्याला हात लावत नाही.

आई एक्याऐंशीची आहे आणि आमच्याचकडे असते. नागपूरकडून पुण्यात येऊन तिला साठ वर्षं झाली, पण राग आला किंवा लाड आला की ती तिकडचीच होते. मी तिला फोनवर थाळीवालीचं चित्र दाखवलं. तिने ते बोटांनी मोठं करून बघितलं, नाचणारीचा चेहरा नव्हे, शिवण.

"हे तू घालून राहिली? लोकांसमोर?"

"हो."

"अवो माय," ती म्हणाली, आणि चित्र अजून मोठं करून, "थर किती आहेत?"

पुढचा महिना आमचं घर पांढऱ्या जाळीने भरलं. जाळी आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "कॅनकॅनला ना? नवरी कोण?" आईने माझ्याकडे बोट दाखवलं. दुकानदाराने मुकाट्याने मीटर मोजले. अकरा थर, प्रत्येक वरच्यापेक्षा आखूड, सगळे चुणीदार, आणि ते सगळे सुट्या चड्डीवरून घालायच्या एका गोल पट्टीवर शिवायचे. त्यावर कमरेला घट्ट सॅटिनचा पट्टा. मधल्या कडीसाठी लवचीक तार कुठे मिळेना, तेव्हा नवऱ्याने स्वतःहून माळ्यावरून जुन्या स्कूटरची क्लचवायर काढून दिली. "निदान कुणाच्या तरी उपयोगी पडली," ते म्हणाले. "मला ती आठ वर्षं ऐन चढावर तुटायची."

ट्रायलच्या दिवशी आईने पट्टा माझ्या कमरेला लावला आणि टाचण्या टोचत गेली. मी कपाटाच्या आरशात बघितलं. जाळी आडवी, ताठ, कमरेला सगळीकडून चिकटलेली. माझ्या कमरेला आकार आहे हे मला प्रथमच दिसलं. फार चांगला नाही, पण माझा होता. मी डावीकडे वळले, थाळी डावीकडे वळली. मी उजवीकडे वळले, तीही. मला हसू फुटलं, ते थांबेना. मी तशीच स्वयंपाकघरात निघाले आणि दारात अडकले.

"आडवी हो," नवरा म्हणाले. "नाही, तशी आडवी नाही. आणि इथे आधीच एक डायनिंग टेबल आहे, हे लक्षात ठेव."

आईने टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "झालं. आता फक्त शिलाई." त्यानंतर मी तो घालून बघितला नाही. बघायला काय होतं? माप टाचणीने ठरलं होतं.

कार्यक्रम कर्वेनगरमधल्या एका शाळेच्या सभागृहात, संध्याकाळी सहाला. दुपारी तीनला रंगीत तालीम. रिक्षात मी, आई आणि टूटू. रिक्षावाल्याने टूटूलाच जास्त जागा दिली. आईला मेकअपच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, तिच्या मांडीवर सुईदोऱ्याची पिशवी. मी टूटू चढवला, पाठीमागचे हुक लावून घेतले आणि पाठोपाठ माझ्या मिनिटाची वेळ आली. सैल लागतोय हे जाणवलं, पण वाटलं भीतीने पोट आत गेलं असेल.

संगीत सुरू झालं. मी पाऊल टाकलं, हात वर केले आणि गिरकी घेतली.

मी फिरले. टूटू फिरला नाही.

तो होता तिथेच राहिला, मग जरा विचार करून सावकाश निघाला. मी दुसरी गिरकी पूर्ण केली तेव्हा तो पहिलीच्या वाटेवर होता. पाठीचे हुक पोटावर आले, पुढची टिकल्यांची नक्षी कुठे गेली ते कळेना. विंगेतून आयटीतली मुलगी ओरडली, "काकू, तुमचा टूटू बफर होतोय!" डॉक्टर खाली बसून हसत होत्या, प्राध्यापिका भिंतीला धरून. मीही हसले, सगळ्यांत जास्त. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते पाणी थांबेना.

मॅडमनी माझ्या कमरेत हात घातला. आख्खी मूठ आत गेली. "काकू, हा नाचताना खाली येईल," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "असं करू या. शेवटच्या जाळीच्या स्कर्टसारखाच अजून एक आहे माझ्याकडे. इलॅस्टिकचा. तो कोणालाही बसतो."

इलॅस्टिक. म्हणजे फ्री साइज. म्हणजे माझं आख्खं आयुष्य. मी टूटू दोन्ही हातांनी धरून मेकअपच्या खोलीत गेले, दारातून आडवी, आणि आईवर ओरडले. इतक्या वर्षांत असं ओरडले नव्हते. "किती ठेवलंस आत? दोन बोटं? चार? सत्तावन्न वर्षांची आहे मी! सहा महिन्यांत रिटायर होते! अजून कुठे वाढणार आहे मी, आई?"

बाकीच्या जणी दारात थबकल्या. आईने पट्ट्याच्या आतून बोट फिरवलं आणि तिला कळलं. टाचण्या तिने बरोबर लावल्या होत्या. मशीनवर बसल्यावर तिचा हात टाचणीच्या बाहेरून गेला होता, दोन्ही अंगांनी, जसा तो सहा दशकं गेला. वर ट्रायलनंतरच्या तालमींनी माझी कंबर उतरलेली.

"हाताले तेच ठाऊक आहे," ती म्हणाली. "बरोब्बर बसलं म्हनजे लेकरू वाढून झालं. वाढून झालं का मंग मायचं काय काम?"

माझा राग गेला, असं नाही. राग होताच. पण त्याच्याखाली काहीतरी हललं. आजवर मला वाटत आलं होतं की तिला मी कधीच पुरेशी दिसले नाही, मोठ्या मापाची होईन तेव्हा होईन. ती तर मला संपू देत नव्हती.

"काढू नको," आई म्हणाली. "उभी राह्य सरळ."

तिने हुक काढून पट्ट्याच्या दोन्ही शिवणी उसवल्या, पट्टा माझ्या कमरेभोवती घट्ट ओढला आणि चिमटीने जास्तीचं कापड बाजूला धरलं. ते आत दुमडून शिवलं असतं तर चाललं असतं का? मी विचारलं. "गोळा दिसते," ती म्हणाली. तिने पिशवीतून मोठी कात्री काढली आणि हातात धरून बसली. मार्जिन कापताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकाने सांगितलं तरी ती कापायची नाही, आत लपवायची. मग कात्री चालली, आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि पांढऱ्या सॅटिनच्या दोन पट्ट्या जमिनीवर पडल्या.

"आजी, माझी आजी म्हणते अंगावर कपडा शिवू नये," आयटीतली मुलगी भीत भीत म्हणाली.

"कोन म्हनते? तिले म्हना, इथं ये न तूच शिव."

डॉक्टरांनी सुईत दोरा ओवून दिला आणि मोबाइलचा टॉर्च धरला. "टाके मलाही येतात, आजी," त्या म्हणाल्या. आईने त्यांच्याकडे बघून घेतलं. "दातातले," ती म्हणाली, आणि शिवू लागली. अधूनमधून मला सांगायची, "श्वास घे. हात वर कर. आता सोड." तिची बोटं माझ्या कातडीला लागत होती, थंडगार. "श्वासापुरतं ठेवते," ती पुटपुटली. "तेवढ्यावर आता कटकट करू नको." शेवटचा टाका तिने दाताने तोडला, तेव्हा तिचं कपाळ माझ्या बरगड्यांना टेकलं.

सहा वाजता पडदा उघडला. प्राध्यापिका लोळणारा झगा सावरत एकदा त्याच्यावरच पाय देऊन गेल्या, बालवाडीच्या बाई घंटेसारख्या घागऱ्यात खरंच तरंगल्या, डॉक्टर गुडघे दाखवून आल्या. मग मी. पहिल्या रांगेत कोणीतरी "अगं बाई" म्हणालं, ते मला ऐकू आलं. मी पाऊल टाकलं, हात वर केले आणि फिरले, आणि टूटू फिरला. माझ्याबरोबर, माझ्याइतकाच, त्याच क्षणी! परत फिरले, परत फिरला. मला इतका आनंद झाला की मी ठरलेल्या तीन गिरक्यांच्या पाच घेतल्या. संगीत एकीकडे, मी एकीकडे, जाळी सूं सूं करतेय, आणि पाचवी गिरकी संपवून ऐटीत हात पसरून थांबले तेव्हा माझ्यासमोर मागचा पडदा होता. प्रेक्षकांना मी जे दाखवलं त्याचंच नाव पॅरिसच्या लोकांनी त्या कपड्याला दिलं होतं. टाळ्या पडल्या, शिट्टीही पडली. मग मी वळून नमस्कार केला.

खाली नवरा भेटले. "मागूनही बरोबर बसलं होतं," एवढंच म्हणाले, आणि दुसरीकडे बघायला लागले, कारण त्यांचा चेहरा आवरत नव्हता.

मी पळत मेकअपच्या खोलीत गेले. आईने विंगेतून सगळं बघितलं होतं आणि माझ्याआधी परत आली होती. मला जवळ बोलावून तिने पट्ट्यात बोट घालायचा प्रयत्न केला. ते गेलं नाही. दुसऱ्या बाजूने केला, तिथेही नाही. "बसलं," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली, पण दोनदा. मग खुर्चीचा हात धरून ती हळूहळू खाली वाकली आणि जमिनीवरच्या त्या दोन सॅटिनच्या पट्ट्या शोधून उचलल्या. फुंकर मारून धूळ उडवली, एकीवर एक ठेवली आणि नीट गुंडाळी करायला लागली.

"आई, अगं, त्या कशाला आता?"

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या जाड झाली तर?"

मी खाली वाकून तिला उठवायला हवं होतं. पण मला वाकता येत नव्हतं, इतकं घट्ट शिवलं होतं तिने. मी तशीच ताठ उभी राहिले, हसत आणि रडत, आणि ती गुंडाळी पिशवीत ठेवून ती माझ्या हाताला धरून स्वतःच उठली.